हवालदाराची नैसर्गिक विश्रांती

झाडाला जे लागतं ते कुणाचं वाईट करत नाही, हे सर्वमान्य सत्य आहे. (सर्वमान्य म्हणजे ज्याची खातरजमा करायला आजवर कुणालाच सवड झालेली नाही असं.) याच सत्याच्या पायावर सौम्य प्रक्षालन मंडळाची तीन मजली इमारत उभी आहे. तिसरा मजला गळतो, पण त्याचा पायाशी संबंध नाही असा अभिप्राय मंडळाने मागवून ठेवलेला आहे.

मंडळाचं काम तसं सोपं. माणसं भांडी घासतात, कपडे धुतात, डोकं धुतात, फरशा पुसतात. या कामांसाठी लागणारं जे जे काही फेसाळ असेल, ते बाटलीत भरून विकण्याआधी मंडळाकडे यावं लागतं. मंडळ ते हलवतं, हुंगतं, मोजतं आणि बाटलीवर हिरवं पान छापायची परवानगी देतं किंवा देत नाही. पानाचा आकार ठरलेला आहे. देठाने कुठल्या बाजूला वळायचं तेही ठरलेलं आहे. पानाला शिरा तीन असाव्यात की पाच, यावर मंडळात एवढा वाद झाला की दोन सदस्य एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नाहीत. अखेर चार शिरा मंजूर झाल्या. चार शिरांचं पान कुठल्या झाडाला येतं याचा शोध अजून लागायचा आहे, पण तोवर कुणाचं अडलेलं नाही.

चाचण्या तीन.

पहिली फेसचाचणी. उंच काचेच्या नळीत थोडं द्रव आणि थोडं पाणी घालून ती दणादण हलवायची, खाली ठेवायची आणि फेस कुठवर चढला ते पट्टीने बघायचं. आता फेसामुळे भांडं स्वच्छ होत नाही हे मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. तेलकटपणा सुटतो तो पाण्यात मिसळलेल्या साबणाच्या बारीक कणांमुळे. फेस म्हणजे नुसता वरचा समारंभ. पण समारंभ दिसला नाही तर काम झाल्यासारखं वाटत नाही, हा मनुष्यस्वभाव लक्षात घेऊन मंडळ समारंभ मोजतं. (मंडळाच्या पाहणीनुसार शंभरातली ब्याण्णव माणसं फेस दिसेपर्यंत बाटली पिळत राहतात. उरलेल्या आठांच्या घरी भांडी दुसरंच कुणीतरी घासतं.)

दुसरी अश्रुचाचणी. द्रवाचा एक थेंब भरपूर पाण्यात कालवून कनिष्ठ लिपिकाच्या डोळ्यात सोडायचा आणि तो रडतो का ते बघायचं. या पदाची भरती करताना उमेदवार मुळात हळवा नाही ना, याची खात्री करून घेतली जाते. सध्याच्या लिपिकाने मुलाखतीत आपण बहिणीच्या पाठवणीलाही रडलो नव्हतो असं सांगितलं होतं. बहिणीने तसा दाखला दिला.

तिसरी मत्स्यचाचणी. दालनात काचेची पेटी, पेटीत पाणी, पाण्यात मासा. पाण्यात द्रव सोडायचं. मासा दिवसभर पोहत राहिला तर द्रव उत्तीर्ण, नाही तर दोघंही अनुत्तीर्ण. कारखान्यात तयार झालेली कित्येक द्रवं या चाचणीत आपटली, आणि ते योग्यच झालं.

झाडापासून मिळणाऱ्या पदार्थांना मात्र मत्स्यचाचणीतून सूट आहे. त्या कलमाची भाषा हृद्य आहे: ‘निसर्गाची परीक्षा निसर्गाकडून करवून घेणे हा उभयतांचा अवमान होय.’ हे वाक्य मंडळाच्या वरिष्ठ निरीक्षकांनी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते इतकं आवडलं, की त्यांनी ते आधी घरी वाचून दाखवलं आणि मग मंडळात. घरी टाळ्या कमी पडल्या.

निरीक्षक वयाने थोर, अंगाने बारीक आणि वृत्तीने शिक्षक होते. लहान मुलांना काहीतरी समजावून सांगितल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. ते राहत त्या इमारतीतली मुलं जिन्यात त्यांची चाहूल लागली की वरच्या मजल्यावर पळत. मग निरीक्षक गच्चीपर्यंत जात आणि तिथे, जिथून पुढे पळायला जागा नाही अशा ठिकाणी, मुलांना इंद्रधनुष्य का पडतं ते समजावत. मुलं ऐकत. नंतर नंतर तर ती मुद्दाम गच्चीतच पळू लागली, पण हे निरीक्षकांना कुणी सांगितलं नाही.

घरात मात्र त्यांना पळण्याचं सुख नव्हतं, कारण घरात नात होती. वय वर्षं सात, समोरचे दोन दात रजेवर, आणि तोंडात सतत ‘पण का?’. नातीच्या मालकीचा एक मासा होता. शेंदरी रंगाचा, गोलमटोल, नाव हवालदार. दिवसभर पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालायची, मध्येच थांबून काचेबाहेर संशयाने बघायचं आणि कुणालाही पकडायचं नाही, यावरून त्याला हे पद मिळालं होतं.

आता मंडळाने एक मोठी गोष्ट करायची ठरवली. आजवर मंडळ दुसऱ्यांची द्रवं तपासत आलं. यंदा मंडळाने स्वतःच रिठ्याचं द्रव बनवलं आणि त्याला स्वतःचं सर्वोच्च मानांकन जाहीर केलं. बनवणारा आणि तपासणारा यांच्यात पुढे गैरसमज नकोत, एवढाच त्यामागे हेतू. रिठा म्हणजे झाडावर घोसाने लागणारं सुपारीएवढं फळ. सुकलं की त्याची साल सुरकुतते. ती भिजवून चोळली की हाताला चिकट लागते आणि भराभर फेस येतो. तो आणणारं जे द्रव्य सालीत असतं त्याला सॅपोनिन म्हणतात. मानांकन सोहळ्यात अध्यक्षांनी हे द्रव आपल्या हाताने माशाच्या पेटीत ओतावं, मासा आनंदाने पोहत राहावा आणि त्याचं छायाचित्र सगळीकडे छापून यावं, असं ठरलं. ही चाचणी नव्हती, हे इथे स्पष्ट केलं पाहिजे. चाचणीतून सूटच होती. हा माशाच्या हस्ते निसर्गाचा सत्कार होता.

अडचण एवढीच होती की मंडळाकडे मासा नव्हता. मंडळाचा मासा मागेच वार्धक्याने गेला होता आणि तिसऱ्या मजल्याच्या गळतीमुळे त्याच्या रिकाम्या पेटीत कर्मचारी छत्र्या ठेवत. नवा मासा घ्यायचा तर तीन दुकानांकडून दर मागवायचे होते, आणि एका दुकानदाराने ‘शिजवायला की बघायला?’ असा खुलासा मागितल्याने ते प्रकरण वरच्या टेबलावर गेलं होतं.

“माझ्या नातीकडे आहे,” निरीक्षक सभेत म्हणाले. उत्साहाच्या भरात माणूस दुसऱ्याच्या वस्तू फार सहज देऊ करतो.

त्या संध्याकाळी घरात बोलणी झाली.

“किती वेळासाठी?” नातीने विचारलं.

“सकाळी न्यायचा, संध्याकाळी परत.”

“तिथे काय करणार त्याचं?”

“सत्कार.”

“बाबा, गेल्या वर्षी माझी छत्री अशीच नेली होती तुम्ही मंडळात,” नातीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “तिचाही सत्कारच चाललाय अजून.”

“छत्री वेगळी, मासा वेगळा.”

“तेच तर म्हणतेय. छत्रीला कुणी खात नाही.”

“आमच्या मंडळात सगळे सुसंस्कृत आहेत गं!”

नातीने अटी घातल्या. पाणी घरचंच न्यायचं. त्याला ‘ए मासा’ म्हणायचं नाही. काचेवर टकटक करायची नाही. आणि अंगाला ओरखडा जरी आला तरी आजोबांनी पुन्हा कधी काही समजावून सांगायचं नाही, कुणालाच, जन्मभर.

ही शेवटची अट ऐकून आजी पहिल्यांदाच वाटाघाटीत रस घेऊ लागली. आजोबांनी मात्र छातीवर हात ठेवून कबूल केलं आणि, कबुली ताजी असतानाच, रिठ्याने तेलकट भांडं कसं निघतं ते समजावून द्यायला घेतलं.

“हे बघ, पाणी आणि तेल यांचं एकमेकांशी पटत नाही. समज, तुझी आई पाणी. अगं, इकडे ये जरा. अशी उभी राहा. आणि तुझी आजी तेल.”

“मी तेल?” आजी म्हणाली. “एवढा संसार केला तुमचा, आणि शेवटी तेल?”

“उदाहरण आहे गं.”

“उदाहरणात तुम्ही व्हा तेल. मी पाणी होते.”

“बरं, मी तेल. आता ही आपली ठमाबाई म्हणजे सॅपोनिनचा कण. हिचा एक हात पाण्याला धरायला धावतो आणि दुसरा तेलाला. धर आईला. धर मला. आता आई निघाली नळाच्या दिशेने. ओढ! बघ, पाण्याच्या मागे कण आणि कणाच्या मागे तेल. निघालं की नाही भांड्यावरून?”

तेल खरोखरच निघालं आणि पायपुसण्याला अडखळून फ्रीजवर आपटलं. नात हसून हसून खाली बसली. मग हसणं थांबवून तिने, मुलं विचारतात तसा अगदी सहज, एक प्रश्न विचारला.

“आजोबा, झाड भांडी घासतं का?”

“नाही बुवा.”

“कपडे धुतं?”

“छे.”

“मग त्याला साबण कशाला हवा?”

निरीक्षकांनी पायपुसणं सरळ केलं.

“आपल्यासाठी बनवतं ते,” शेवटी ते म्हणाले.

“पण का? झाडाला आपण माहीत आहोत का?”

“चला, जेवायला चला,” निरीक्षक म्हणाले. त्यांच्या अध्यापनाच्या कारकिर्दीत हे वाक्य याआधी नेहमी समोरच्याने उच्चारलं होतं.

सोहळ्याचा दिवस उजाडला. मंडळाच्या इमारतीला माळा लावल्या होत्या. मागून जो ओढा वाहतो, ज्यातल्या माशांना कर्मचारी मधल्या सुट्टीत डब्यातले उरलेले तुकडे टाकतात, त्याच्या काठचा कचराही आदल्या दिवशी उचलून दुसऱ्या काठावर नेला होता. छत्र्या काढून पेटी घासूनपुसून सभागृहात ठेवली होती. तीत घरून आणलेलं पाणी आणि त्या पाण्यात हवालदार. त्याने नवीन हद्द दोनदा तपासली आणि तो कामाला लागला.

पाहुण्यांचं स्वागत कल्पकतेने व्हावं म्हणून सचिवांनी दारात प्रत्येकाच्या हाती एक छोटी कागदी पुडी दिली. आत कुटलेल्या रिठ्याची मऊसूत पूड होती. ‘निसर्गाचा सुगंध अनुभवा,’ असं वर छापलं होतं. पाहुण्यांनी अनुभवला.

कोरड्या रिठ्याची पूड नाकात गेली की काय होतं हे ज्याला माहीत नाही, त्याला ते सांगून कळायचं नाही. पहिली शिंक तिसऱ्या रांगेत आली. मग पाचव्या रांगेत जोडीने. मग एखादी चाळण फाटावी तसं सगळं सभागृह फुटलं. बायका पदरात शिंकत होत्या, पुरुष एकमेकांच्या पाठीवर शिंकत होते, एक गृहस्थ शिंकेच्या झटक्याने खुर्चीसकट मागच्या रांगेत बढती घेऊन गेले. कधी न रडणारा कनिष्ठ लिपिक खांबाला टेकून घळाघळा रडत होता आणि त्याची बहीण, जी पाहुणी म्हणून आली होती, दाखला परत मागत होती. इतिवृत्तात या सर्वाची नोंद ‘श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ अशी आहे.

अध्यक्षांचं भाषण झालं. ते शिंकांच्या मधल्या जागांत झालं, त्यामुळे थोडक्यात आणि बरंच प्रभावी झालं.

“रसायन म्हणजे... आक्छी! आणि निसर्ग म्हणजे... आक्छी!” या वाक्यावर सर्वाधिक टाळ्या पडल्या.

मग अध्यक्षांनी मोठी पळी घेतली, रिठ्याच्या द्रवाच्या पातेल्यात बुडवली आणि पेटीत रिती केली. छायाचित्रकाराने कॅमेरा रोखला, नेमका त्याच क्षणी शिंकला आणि छताचा फोटो काढला.

“साहेब, पुन्हा एकदा!”

अध्यक्षांनी पुन्हा एक पळी ओतली.

“साहेब, फेस दिसत नाहीये फोटोत. लोकांना काय ओतलं ते कळणार नाही.”

अध्यक्षांनी आणखी एक ओतली आणि फेस यावा म्हणून पळीने ढवळलं. आता छान फेस आला. पण तो हवालदाराच्या पुढे आला आणि मासा झाकला गेला.

“साहेब, फेस आला, मासा गेला!”

“गेला म्हणजे?”

“दिसत नाही! थोडं पाणी हलवा, मासा समोर येईल, मग वरून एक ओता!”

निरीक्षक व्यासपीठाच्या कडेला उभे होते. सगळं सभागृह शिंकत असताना त्यांना एकट्याला शिंक येत नव्हती, कारण त्यांच्या डोक्यात आदल्या रात्रीपासून एक प्रश्न अडकला होता आणि नाकाकडे लक्ष द्यायला जागा नव्हती. झाडाला आपण माहीत आहोत का? नाही. मग झाडाला कोण माहीत आहे? झाडाला माहीत आहेत त्याला खाणारे. किडा, अळी, बुरशी, येणारा-जाणारा. झाडाला पळता येत नाही, ओरडता येत नाही. ते सालीत असं काहीतरी भरून ठेवतं की खाणाऱ्याला खाल्ल्याचा पश्चात्ताप व्हावा. म्हणजे तो साबण नव्हताच. ते झाडाचं दाराला लावलेलं कुलूप होतं, आणि आपण त्याने भांडी घासत होतो.

एवढ्यात हवालदाराने गस्त थांबवली.

तो वर आला आणि पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करू लागला.

“वा! काहीतरी म्हणतोय!” पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

“आभार मानतोय,” सचिव म्हणाले.

कण एका हाताने पाण्याला धरतो आणि दुसऱ्या हाताने तेलाला. मासा श्वास घेतो कल्ल्यांनी. कल्ल्यांची कातडी पातळ, आणि त्या कातडीतली इवली इवली पेशी ज्या वेष्टनात असते ते वेष्टन तेलकट. तिथे हा दोन हातांचा पाहुणा पोहोचला, तर तो काही भांडं आणि मासा असा भेद करणार नाही. त्याला कुणी कलम वाचून दाखवलेलं नाही.

हवालदार हळूच एका कुशीवर कलंडला. गेली कित्येक वर्षं रात्रंदिवस उभा असलेला तो मासा पहिल्यांदाच आडवा झाला.

“साहेब, थांबा! अहो थांबा!” निरीक्षक धावले. पण सभागृहात दीडशे माणसं शिंकत असताना ‘थांबा’ हा शब्दही शिंकेसारखाच ऐकू येतो. अध्यक्षांनी चौथी पळी उचलली होती. निरीक्षकांनी ती त्यांच्या हातातून हिसकली, द्रव अध्यक्षांच्या बुटांवर सांडलं (बूट पुढे लख्ख निघाले, हे निःपक्षपातीपणे नमूद केलं पाहिजे), पळी पेटीत घातली, फेसात चाचपली आणि हवालदाराला अलगद वर काढलं. आता हवालदार पळीत होता आणि जगात कुठेही साधं पाणी दिसत नव्हतं. नाही, दिसत होतं. प्रमुख पाहुण्या बाईंच्या समोर पिण्याच्या पाण्याचा काचेचा जग होता. निरीक्षकांनी मासा त्यात सोडला.

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. छायाचित्रकाराला अखेर हवं ते छायाचित्र मिळालं.

प्रमुख पाहुण्या बाई शिंकून शिंकून अर्धमेल्या झाल्या होत्या. डोळे मिटूनच त्यांनी जगाकडे हात नेला.

“बाई, ते पाणी पिऊ नका!” निरीक्षक ओरडले. “त्यात हवालदार आहे!”

“जगात?” बाई म्हणाल्या. “काय केलं त्याने?”

“काही नाही! तो कधीच काही करत नाही! म्हणून तर...” त्यांनी व्यासपीठावरचे सगळे पेले गोळा केले, जगातलं पाणी अर्धं ओतलं, पेल्यातलं ताजं भरलं, पुन्हा ओतलं, पुन्हा भरलं. व्यासपीठावरचं पाणी संपलं तेव्हा ते रांगांमध्ये शिरले आणि पाहुण्यांच्या हातातल्या बाटल्या ओढून घेऊ लागले. “द्या हो! साधं पाणी आहे ना? सुगंधी नाही ना? द्या!” हवालदार जगात पाठीवर तरंगत होता. निरीक्षक त्याच्या तोंडावरून पाण्याची बारीक धार सोडत होते आणि पुटपुटत होते, “ऊठ रे बाबा. गस्तीची वेळ झाली. ऊठ. मी तिला काय तोंड दाखवू?”

किती वेळ गेला ते त्यांना कळलं नाही. मग एका कल्ल्याची बारीकशी उघडझाप झाली. मग शेपटीला एक झटका. मग हवालदार सरळ झाला, जगाच्या काचेला नाक लावून त्याने निरीक्षकांकडे संशयाने पाहिलं आणि, जग गोल असल्यामुळे, गोल गस्त सुरू केली.

तेवढ्यात, त्या दिवसातली पहिली आणि जोरदार शिंक निरीक्षकांना आली.

सोहळा यशस्वी झाल्याचं जाहीर करण्यात आलं. पेटीतलं पाणी आणि पातेल्यात उरलेलं द्रव मागच्या ओढ्यात सोडण्यात आलं आणि पेटी कोरडी करून तीत सन्मानपूर्वक पुन्हा छत्र्या ठेवण्यात आल्या, त्यांपैकी एक निरीक्षकांच्या मुलीची होती आणि तिचा दांडा या दगदगीत मोडला.

चौकशी समिती त्याच दुपारी बसली, कारण अल्पोपाहार उरला होता. समितीचे निष्कर्ष असे:

एक, मासा मेलेला नाही. सबब घटना घडलेली नाही.

दोन, सदर मासा काचेच्या पेटीत वाढलेला व डब्यातलं खाणं खाणारा, म्हणजेच कृत्रिम आहे. आयुष्यात प्रथमच खऱ्या निसर्गाशी संपर्क आल्याने त्याला भरून आलं असावं.

तीन, आडवं होणं ही विश्रांती असून विश्रांती नैसर्गिक आहे.

चार, तरीही खबरदारी म्हणून बाटलीच्या तळाशी ‘माशांनी वापरू नये’ असं छापावं. (अक्षरांचा आकार माशाच्या नजरेला झेपेल इतपतच असावा.)

निरीक्षकांनी उभं राहून सूट देणारं कलम रद्द करायची सूचना मांडली. आपलंच वाक्य खोडायला उठलेला माणूस मंडळाने यापूर्वी पाहिला नव्हता.

“रिठा वाईट आहे असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले. “कारखान्यातलं द्रव माशाला मानवतं असंही नाही. रिठा झाडाला दर वर्षी नव्याने लागतो, पाण्यात-मातीत लवकर विरतो, भांडीही बरी निघतात. चांगला आहे. पण चांगल्यालासुद्धा किती, कुठे, कुणाला, हे विचारावं लागतं. बाकीच्यांची जी परीक्षा घेतो ती याचीही घेऊ, एवढंच म्हणणं आहे.”

“तुम्ही झाडांच्या विरोधात आहात का?” अध्यक्षांनी विचारलं.

“नाही साहेब. मी माशाच्या बाजूने आहे.”

“म्हणजे तेच झालं,” अध्यक्ष म्हणाले, आणि सूचना सर्वानुमते, म्हणजे निरीक्षक सोडून, फेटाळण्यात आली.

संध्याकाळी निरीक्षक एका हातात जग आणि दुसऱ्या हातात मोडकी छत्री घेऊन घरी आले. जिन्यात मुलं भेटली. ती गच्चीकडे पळाली. निरीक्षक त्यांच्या मागे गेले नाहीत. मुलं चार पायऱ्या चढून थांबली आणि काळजीने खाली बघत राहिली.

नात दारातच उभी होती. तिने जग हातात घेतला आणि नाक टेकवून आत बघितलं.

“दमलाय,” ती म्हणाली.

“हो.”

“हा कुणाचा जग? जगात का आहे?”

आजोबांना थाप मारता आली असती. ‘सत्कारात जग मिळाला,’ एवढं म्हणणं पुरेसं होतं. पण ते पायरीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पुडी, शिंका, पळ्या, फेस, कुशीवर होणं. नात मध्ये मध्ये हसली, मध्ये तिचा ओठ थरथरला, पाण्याच्या बाटल्यांपाशी तिने आजोबांचं बोट घट्ट धरलं.

“आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं मला,” शेवटी ते म्हणाले. “झाड भांडी घासत नाही. त्याला कुणी खाऊ नये म्हणून ते तो कडवट फेस जवळ बाळगतं. आपल्यासाठी नाही, स्वतःसाठी. माझं चुकलं होतं. आता तुझ्या अटीप्रमाणे मी गप्प बसतो. जन्मभर.”

नातीने हवालदाराला सगळ्या बाजूंनी तपासलं.

“ओरखडा नाही दिसत,” ती म्हणाली. “समजावून सांगा तुम्ही. थोडं थोडं.”

आतून आजीचा निराश उसासा ऐकू आला.

आजोबांनी डोळे पुसले. आईने चहा आणून दिला आणि छत्रीबद्दल काही बोलायचं ती मोठ्या मनाने उद्यावर टाकून गेली. हवालदार घरच्या पेटीत गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आला, सगळं ठीक असल्याचं त्याला पटलं. सगळ्यांना हायसं वाटलं. आजोबांनी कप तोंडाला लावला.

“आजोबा.”

“बोल.”

“त्या दुसऱ्या पेटीतल्या पाण्याचं काय केलंत?”

कप तिथेच थांबला. मग आजोबांनी तो न पिताच खाली ठेवला आणि ते दाराशी चपला शोधू लागले. नातीनेही आपल्या शोधल्या.

ही गोष्ट आजवर पुष्कळ मोठ्या माणसांना सांगून झाली आहे. शंभरातल्या शंभरांनी ‘हवालदार वाचला ना?’ असं कळवळून विचारलं. वाचला, अजून गस्तीवर आहे. नातीने विचारलं ते मात्र एकानेही विचारलं नाही. खरं तर त्याचं उत्तर गुपित नाही. ते वर स्पष्ट लिहिलेलं आहे, छत्र्यांच्या अगदी आधी, त्याच वाक्यात. तुम्ही ते वाचलंत आणि पुढे गेलात. (छत्र्यांना बहुधा हसलातही.)